मोहरीएवढा मंगळ

अण्णा, आपलं भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात. त्यातलं शेवटचं वाक्य माझं होतं. सुनेनं सासऱ्याला काहीतरी ऐकवायचं आणि सासऱ्यानं न बोलता कूस बदलायची, असं आपल्यात आधीही झालं होतं. पण दुसऱ्या दिवशी दिवस मावळला की तुम्ही जिन्यातून हाक मारायचात, "मीरा, आज काय दिसून राहिलं?" आणि भांडण पुढं सुरू व्हायचं. या वेळी हाक आली नाही. महिना होत आला. बोलायचं तर राहिलंच आहे, म्हणून लिहायला बसले.

सतरा वर्षांपूर्वी मी शिरड शहापूरच्या या घरात सून म्हणून आले, ती तुमच्यावर थोडा राग धरूनच. आमचं ठरलेलं लग्न तुमच्यामुळे दोन महिने पुढं गेलं होतं. शुक्राचा अस्त होता म्हणे. परभणीला बी.एस्सी. झालेल्या मला ते फार लागलं. मी आईला म्हणाले होते, "तिकडं सासऱ्यांपेक्षा शुक्राला जास्त मान दिसतोय."

तुम्ही काही जातीचे जोशी नव्हता. शेतकरी माणूस. तरुणपणी एका म्हाताऱ्या जोशीबुवांच्या शेतात राबता राबता तुम्ही त्यांच्याकडून पंचांग वाचायला शिकलात, आणि ते गेल्यावर लोक तुमच्याकडे यायला लागले. बारशाचं नाव, घरभरणीचा दिवस, बैल घ्यायचा की नाही, आणि सगळ्यात जास्त म्हणजे मुलामुलींच्या पत्रिका. ओसरीवर तुम्ही चष्मा नाकावर सरकवून बसायचात आणि समोरचा माणूस श्वास धरून.

लग्नानंतर महिनाभरात मी धीर करून विचारलं होतं, "अण्णा, अस्त म्हणजे शुक्र नेमका जातो कुठं?"

"जातो कुठं? सूर्याच्या जवळ जातो. उजेडात दिसत न्हाई. दिसत न्हाई तवर मंगल कार्य न्हाई. सोपं हाय."

हेच मी पुस्तकात शिकले होते, आकृतीसकट. फक्त त्याचा माझ्या लांबलेल्या लग्नाशी संबंध आहे, हे मला सुचलं नव्हतं. मग मी विचारलं, "तुम्ही बघितलाय का कधी, तो दिसेनासा होताना?"

तुम्ही पंचांगावरून नजर उचलली. "यात लिवलंय की."

तुम्ही पंचांगातून, मी पाठ्यपुस्तकातून. वर मान करून नीट बघितलं नव्हतं दोघांनीही. तरी आपण पुढची सोळा वर्षं त्यावर वाद घालत राहिलो. ग्रह माणसाचं काही करत नाहीत, हे मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, चंद्र एवढा समुद्र हलवतो, तर माणूस काय चीज हाय. यावर मला अजूनही पटकन देता येईल असं उत्तर सापडलेलं नाही. शाळेत मुलांनी विचारलं तर मी फळ्याकडे वळते.

दुर्बीण आली ती गेल्या वर्षीच्या आधीच्या हिवाळ्यात नव्हे, या गेल्याच हिवाळ्यात. बघा, एवढ्यात माझा हिशेब चुकायला लागला. खूप दिवस झाल्यासारखं वाटतं. शाळेच्या कपाटात ती कित्येक वर्षं खोक्यातच होती. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, उंदरांनी खाण्यापेक्षा तू घरी ने, शिक, मग मुलांना दाखव. संक्रांतीच्या आठवड्यात मी ती गच्चीवर मांडली. तिचे तीन पाय कसे उघडायचे हे मला कळेना. शेवटी तुम्हीच फवारणी पंपाचा पाना आणून ते घट्ट केलेत.

पहिल्यांदा चंद्र बघितलात. बराच वेळ डोळा लावून उभे राहिलात आणि म्हणालात, "हे तर रटरटतं पिठलं हाय."

मी हसले, पण मग मीही बघितलं आणि मला पिठलंच दिसलं. उकळी येऊन बुडबुडे फुटल्यावर जसे खड्डे पडतात, तसे. तेव्हापासून वर्गात मी चंद्रावरच्या विवरांना तेच उदाहरण देते. मुलांना लगेच कळतं.

त्या दिवसांत आभाळ फार दिलदार होतं. दिवस मावळला की पश्चिमेला शुक्र, त्याच्याजवळ शनी, डोक्यावर गुरू आणि जेवणं होईपर्यंत पूर्वेकडून वर आलेला मंगळ. माझ्या फोनवर ग्रह दाखवणारं अ‍ॅप होतं, पण पत्र्याच्या शेडजवळ त्याचं दिशांचं गणित बिघडायचं. मी फोन गरागरा फिरवत बसायचे. तुम्ही म्हणायचात, "शनी कुंभेत हाय, शुक्र बी कुंभेत. त्या चमकणाऱ्याच्या आसपासच बघ, दूर कुठं जाऊन राहिली?" आणि तो तिथंच असायचा. ज्या राशी तुम्ही आयुष्यभर कागदावरच्या घरांत मोजल्या, त्या खरोखरीच्या आभाळात आहेत याचं तुम्हालाच जास्त नवल वाटलं होतं. पहिल्या वेळी तर तुम्ही पंचांग बंद करून मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "बुवा खोटं शिकवत नव्हते."

शनी दाखवला त्या दिवशी तुम्ही आधी हात जोडलेत, मग डोळा लावलात. यंदा त्याचं कडं आडवं झालेलं होतं, त्यामुळे मण्यातून सुई आरपार घालावी तसा तो दिसत होता. तुम्ही मागं झालात, चष्मा पुसलात, पुन्हा बघितलात.

"एवढुसा मणी," तुम्ही म्हणालात. "अन् मी लोकायला याचं किती भेव घातलं असंल."

मी जिंकल्यासारखी काहीतरी बोलायला गेले होते. तुमचा चेहरा बघून बोलले नाही. ते एक बरं केलं.

मंगळाची संध्याकाळ मात्र मी विसरू शकत नाही, अण्णा. मी मुद्दाम शेवटी ठेवला होता तो. यंदा तो जवळ आलेला, तांबडा, नुसत्या डोळ्यांनीही उठून दिसणारा. दुर्बिणीत मात्र त्याचं काहीच होत नाही. लाल मोहरी पाण्यात थरथरावी तेवढाच. तुम्ही बघत राहिलात. मी थंडीनं स्वेटरच्या बाह्या ओढून घेतल्या, तरी तुम्ही बघतच होता.

"एवढाच?" तुम्ही विचारलंत.

"एवढाच."

"दुसरा असंल एखादा."

"नाही, अण्णा. मंगळ एकच आहे."

तुम्ही गच्चीच्या कठड्यावर बसलात. खालून शोभाताईंच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. तुम्ही म्हणालात, "शोभीला बोलव."

मी जिन्यातून हाक मारली. "मला काम हाय," खालून उत्तर आलं. शोभाताई कधीच वर येत नसत, आणि का येत नाहीत हे मी कधी विचारलं नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की माझी थोरली नणंद लग्नानंतर दोन वर्षांत एक पिशवी घेऊन माहेरी परत आली, उजवा हात गळ्यात बांधलेला होता, आणि त्यानंतर या घरात त्या विषयावर कुणी बोललं नाही. म्हशी, मशीन, सैपाक. तुम्हाला वेळेवर गरम भाकरी. पंचवीस वर्षं.

त्या संध्याकाळी तुम्ही मला उरलेलं सांगितलंत. शोभाताईंना आधी जवळा बाजारचं एक स्थळ आलं होतं. मुलगा कापसाच्या जिनिंगवर कामाला. चांगला. शोभाताईंनी आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हळूच सांगितलंही होतं की मला पसंत आहे. तुम्ही त्या मुलाची पत्रिका उघडलीत आणि सातव्या घरात मंगळ दिसला. तुम्ही नाही म्हणालात. मग तुम्हीच दुसरं स्थळ शोधलंत. छत्तीसांपैकी एकतीस गुण जुळले. तुमच्या हयातीतली सगळ्यात चांगली जुळलेली पत्रिका.

"तो जवळ्याचा पोरगा आता बी-बियाण्याचं दुकान चालवतो," तुम्ही म्हणालात. "बाजाराला गेलो की दिसतो. बायको बी बसती गल्ल्यावर. दोघं ठणठणीत हायेत. म्या कधी त्या दुकानात गेलो न्हाई."

आणि मला तेव्हा एकदम कळलं, की माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही शुक्राचा अस्त पाळलात, पण माझी पत्रिका मागितली नव्हती. माझ्या वडिलांनी घाबरत सांगितलं होतं, पोरीची जन्मवेळ लिहून ठेवलेली नाही. तुम्ही फक्त ‘काई हरकत न्हाई’ म्हणाला होता. आम्हाला वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस.

मी रागावले त्यावर. मला गप्प बसवत नव्हतं. "मग अण्णा, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पोरींच्या पत्रिका काहून बघत होता?"

"लोकं इचारतात."

"तुम्ही नाही म्हणायचं."

"मंग त्यायनी माझ्याकडं काहून यावं?"

हे इतकं खरं उत्तर होतं की माझा रागच मोडला. शेवटी तुम्ही म्हणालात, "तू शोभीला सांग. अण्णाचं चुकलं म्हणावं."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"बापानं लेकीची माफी मागायची व्हय?"

"काहून नाही?"

इथून ते भांडण सुरू झालं. आधीच्या सगळ्या वादांत मजा होती, यात नव्हती. माघात हळद शिजवून गच्चीवर वाळत घातली होती. आपण हळदीतून वाट काढत दुर्बिणीपाशी जायचो आणि बारीक होत चाललेला शुक्र बघायचो. त्याची चंद्रासारखी कोर होते हे तुम्हाला इतकं आवडलं की तुम्ही दुधवाल्यालाही वर आणून दाखवलंत. आणि मध्येच, दुर्बिणीला डोळा असतानाच, तुम्ही म्हणायचात, "सांगितलंस का तिला?" मी म्हणायचे, "तुमची वाट बघतेय." फाल्गुनात शुक्र खाली खाली उतरला. एक दिवस लिंबाच्या शेंड्याला टेकलेला दिसला आणि दुसऱ्या दिवशी दिसला नाही. "झाला अस्त," तुम्ही म्हणालात. "आज म्या माझ्या डोळ्यानं बघितला." सत्तर पार केलेला माणूस त्या वेळी परीक्षेत पास झालेल्या लेकरासारखा दिसत होता.

तुम्ही काहीच केलं नाहीत असं मी म्हणणार नाही. त्या हिवाळ्यानंतर ओसरीवर कुणी पत्रिका उघडली की तुम्ही ती मिटून परत द्यायचात. "कागद नका दावू. पोरगं दावा. त्याच्या घरी नेऊन चहा पाजा मला." लोक आधी गोंधळले, मग नेऊ लागले. तुम्ही मोटारसायकलवर मागं बसून गावोगाव जायचात, मुलाच्या घरी चहा घ्यायचात, गोठा बघायचात, त्याच्याशी शेतीचं बोलायचात आणि येऊन सांगायचात, द्या किंवा नका देऊ. शोभाताई हे सगळं ऐकत होत्या. एकदा त्यांनी तुमच्यापुढं ताट ठेवलं आणि काहीतरी विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "कालवण वाढू?"

आषाढ सरता सरता तुमच्या छातीत पाणी झालं. नांदेडला नेलं, चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले, आता घरी असू द्या. त्या संध्याकाळी तुम्ही ओसरीवर खाटेवर होता. बाहेर झिरमिर. तुम्ही माझा हात धरलात. "मीरा, तेवढं शोभीला सांग."

आत शोभाताई भाकरी थापत होत्या. थापल्याचा आवाज इथपर्यंत येत होता. मी म्हणाले, "अण्णा, त्या इथंच आहेत. हाक मारते. तुम्हीच सांगा."

हे माझं शेवटचं वाक्य. तुम्ही कूस बदललीत. पहाटे गेलात.

मी बरोबर होते का? मला अजूनही वाटतं, होते. पण बरोबर असून काय उपयोग झाला, ते सांगता येत नाही. तुम्हाला एका निरोप्याची गरज होती, आणि मी तुम्हाला शिकवायला निघाले होते. मास्तरणीची खोड.

तेरावा झाल्यावर चार-पाच दिवसांनी पहाटे जाग आली, गच्चीवर गेले. आभाळ मोकळं होतं. पूर्वेला गुरू आणि शुक्र इतके जवळ, की अंगठ्यानं दोन्ही झाकावेत. मागं वळले तर मावळतीकडे चंद्र आणि त्याच्या शेजारी शनी. हे तुम्ही बघायला पाहिजे होतं, एवढंच मनात आलं आणि मी तिथंच बसून रडले. खाली गोठ्यात शोभाताई धारेला बसल्या होत्या. मी हाक मारली. काय वाटलं कुणास ठाऊक, या वेळी त्या आल्या. पदराला हात पुसत, दम खात, आयुष्यात पहिल्यांदा.

मी ग्रह दाखवले नाहीत. मी सगळं सांगितलं. मंगळाची संध्याकाळ, जवळ्याचा मुलगा, एकतीस गुण, ‘अण्णाचं चुकलं म्हणावं.’ माझा नकारही सांगितला. तो लपवला असता तर बरं झालं असतं असं क्षणभर वाटलं.

त्या उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "हे कवा म्हणाले?"

"संक्रांतीच्या सुमारास."

"म्हंजी सात महिने झाले." त्यांचा आवाज चढला नाही. "सात महिने तुमी दोघं इथं वर बसून माझ्याबद्दल बोलून राहिलात. अन् मी खाली."

त्यांनी पदराला पुन्हा हात पुसले.

"मला माफी नको व्हती, मीरा. बापाकडून कोण माफी मागून घेतं? पण मला वाटायचं, माझ्यातच खोट हाय. एवढी जुळलेली पत्रिका अन् तरी नांदता आलं न्हाई, म्हंजी मीच वाईट. पंचवीस वरसं हेच धरून बसले. त्यायनी एकदा म्हणायचं व्हतं, पोरी, तुझं न्हाई चुकलं. इतकंच."

आणि त्या खाली गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी बोलवलंही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर कपडे काढत होते तेव्हा त्या आपणहून आल्या आणि म्हणाल्या, "मंगळ कोणता, ते दाव."

तो आता लांब गेलाय, अण्णा. पश्चिमेला खाली, फिका. ढगांमधून जेमतेम सापडला. मी दुर्बीण लावते म्हणाले, तर नको म्हणाल्या. नुसत्या डोळ्यांनी बघितला त्यांनी. बराच वेळ. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत नाही, आणि मी या वेळी विचारलंही नाही.

आता तुम्हाला गेल्या आठवड्यातलं सांगते, म्हणजे हे पत्र पुरं होईल. तांड्यावरचे थावरूभाऊ आले होते. पोरीला स्थळ आलंय, दुसऱ्या तालुक्यातलं, मुलगा नोकरीला आहे, अण्णा चहा प्यायला येतील का, असं विचारायला. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. ओसरीवर बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "मंग आता कोनाला न्यावं?"

शोभाताई मशीनवरून उठल्या. "मी येते," म्हणाल्या.

थावरूभाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. मीही. ‘परत आलेली’ बाई लग्नाच्या कामात नको, हे आपल्याकडे कुणी मोठ्यानं म्हणत नाही, पण पाळतात सगळे. हळदीला त्यांना मागं उभं राहताना मी कितीदा बघितलंय. थावरूभाऊंनी खाली बघून थोडा विचार केला आणि म्हणाले, "चाला, ताई. उद्या सकाळी गाडी आणतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या. थावरूभाऊ आणि त्यांची बायको सोबत होते. पाणी पिऊन झाल्यावर शोभाताई म्हणाल्या, "पोरगी देऊ नका."

"ताई, पोरगं तर बरं वाटलं. घर पक्कं हाय. पत्रिका बी जुळती म्हणतेत."

"जुळत असंल. मी सैपाकघरात बसले तासभर. थोरल्या सुनेला इचारलं, माहेरी कवा गेलतीस? ती आधी सासूकडं बघायला लागली. मंग म्हणली, ध्यानात न्हाई. माहेरी कवा गेलतो हे कोणती पोरगी इसरती? अन् तिच्या बांगड्या एकाच हातात दिसल्या. दुसरा हात ती पदराखालून काढतच नव्हती."

थावरूभाऊंच्या बायकोनं कपाळाला हात लावला. मग ती उठली आणि शोभाताईंच्या पाया पडायला वाकली. शोभाताईंनी तिला वरच्यावर धरलं. स्थळाला नकार गेलाय. पोरगी पुढं शिकायचं म्हणते, आणि थावरूभाऊ सध्या तरी ऐकून घेतायत.

ते गेल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो. शोभाताईंनी उजवा हात लांब करून बोटं चोळली. लांबच्या प्रवासानं तो हात अजून दुखतो. अण्णा, तुम्ही गेल्यापासून, किंवा खरं सांगायचं तर मी या घरात आल्यापासून, पहिल्यांदा त्यांनी तुमचं नाव आपणहून काढलं.

"अण्णा असते ना," त्या म्हणाल्या, "तर ओसरीवर चहा पिऊन, गोठा बघून, हो म्हणून आले असते. त्यायला सैपाकघरात कोण जाऊ देतंय?"

आणि त्या हसल्या, अण्णा. तुमच्यावर, मोकळ्या आवाजात.